नसलेला हेमराज

केतकीने नवऱ्याला दुसऱ्याच माणसाच्या नावाने हाक मारली, तेव्हा हर्षल तिच्या भाषणातलं एक वाक्य खोडत बसला होता.

"हेमराज, दूध उतू जातंय बघ," ती न्हाणीघरातून ओरडली.

हर्षलने उठून शेगडी बंद केली. दूध उतू जायचं ते गेलंच होतं. केतकी केस पुसत बाहेर आली आणि त्याचा चेहरा पाहून जागीच थांबली. आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं असावं.

"हेमराज कोण?"

"अरे, ते कालचं," ती म्हणाली. "पूर्वानुभवातलं. तिथं माझा नवरा होता तो."

हे तिने इतक्या सहज सांगितलं, की हर्षलने फडकं घेऊन ओटा पुसायला सुरुवात केली. काहीतरी करणं भाग होतं.

केतकी डोंगरवार गोंदियाकडची खासदार. सत्ताधारी पक्षाची, दुसऱ्यांदा निवडून आलेली. हर्षल पूर्वी तिथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. ती निवडून आली तशी तो नोकरी सोडून दिल्लीला आला आणि तिचं कार्यालय सांभाळू लागला. तिच्या भेटी, तिचा पत्रव्यवहार, तिची भाषणं, सगळं त्याच्याकडे. ती सभागृहात बोलायला उभी राहिली की तो वरच्या सज्ज्यात बसून तिच्याबरोबर ओठ हलवत असे. पुढची ओळ त्याला पाठ असे. शेजारचे लोक गालात हसत, पण त्याला त्याचं काही वाटत नसे. तिचं नाव झालं ते आपल्या वाक्यांमुळे, हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

दोन हजार एकेचाळीस सालच्या त्या हिवाळी अधिवेशनात सरकारने सुलभ कर विधेयक आणलं होतं. करांचा गुंता सोडवायचा हा त्याचा मूळ हेतू, आणि तो कुणालाही पटावा असाच होता. पण त्यातल्या एका कलमाने बड्या मिळकतींवरचा सेवा अधिभार रद्द होणार होता. सरकारी दवाखाने, एसटीच्या तोट्यातल्या फेऱ्या, खेड्यांतल्या शाळा या पैशावर चालत. त्याच्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाला एक आरोग्यपत्र मिळणार होतं, ते दाखवून हव्या त्या खाजगी रुग्णालयात उपचार घ्यायचे. विरोधकांची दुरुस्ती अशी होती की अधिभार राहू द्या आणि तो पैसा फक्त सार्वजनिक सेवांसाठी राखून ठेवा.

इतक्या मोठ्या विधेयकावर मत देण्याआधी प्रत्येक सदस्याने एकदा तरी पूर्वानुभव कक्षात बसायचं, असा नियम संसदेने स्वतःच करून घेतला होता. तासभर डोक्यावर टोप चढवून पडायचं. उठलं की त्या कायद्याखाली जगलेलं एक अख्खं वर्ष पाठीशी असायचं, आपल्याच मतदारसंघातल्या कुणा साध्या माणसाचं. बहुतेक सदस्य एखाद-दोन दिवस गप्प गप्प राहत आणि मग पहिल्यासारखे होत.

केतकी पहिल्यासारखी होईना.

"मी फुलवंता होते," चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती सांगू लागली. "तांदळाच्या गिरणीत धान वाळवायच्या कामावर. हेमराज तलावाचा एक कोपरा ठेक्याने घेऊन शिंगाडे लावायचा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिस. पहाटेच्या बसने जायचा आणि दुपारी येऊन परत पाण्यात उतरायचा. मी रागवायची."

"मग?"

"मग अधिभार गेला. तालुक्याचं डायलिसिस केंद्र बंद झालं. आरोग्यपत्र आलं होतं आमच्याकडे, मी ते देवापाशी ठेवलं होतं. पण ते घेऊन जायचं कुठं? जवळचं खाजगी केंद्र नागपुरात. पहाटेची बसही बंद झालेली. काही दिवस ट्रकवाल्यांच्या हातापाया पडून गेलो. मग आठवड्यातून एकदाच जायला लागला. मला सांगायचा, बरं वाटतंय." तिने कप खाली ठेवला. "मी त्याला धरून बसले होते, हर्षल. किती जड असतो माणूस."

तिचे डोळे भरून आले होते. हर्षलने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाईट वाटतंय म्हणून त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं ते एवढंच, की ही माझ्यासाठी अशी कधी रडली होती?

पुढच्या काही दिवसांत घरात तिसरं माणूस राहायला आल्यासारखं झालं. केतकी एका संध्याकाळी हातगाडीवरून पिशवीभर उकडलेले शिंगाडे घेऊन आली आणि गॅलरीत फरशीवर मांडी घालून दातांनी सोलायला बसली. तिची बोटं काळी झाली. हर्षलने आतून सुरी आणून तिच्यासमोर ठेवली, ती तिने बघितलीही नाही. गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर पाहायची आणि मध्येच स्वतःशी हसायची. "काय झालं?" असं त्याने विचारलं की "काही नाही रे" म्हणायची, आणि ते काही नाही म्हणजे कोण हे त्याला बरोबर कळायचं.

तो तिला खोदून खोदून विचारू लागला. तो बसायचा कसा? जेवायला काय आवडायचं? तुमचं भांडण कशावरून व्हायचं? अंगाने कसा होता? केतकीला वाटे, नवऱ्याला भाषणासाठी तपशील हवेत. ती सगळं सांगे. हेमराज पाण्यातून वर आला की आधी कान झटकायचा. आंबाडीची भाजी असली की पहिला घास तिला भरवायचा. डायलिसिसच्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या रुग्णासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायचा. हर्षल ऐकत राही आणि एकेक तपशील त्याच्या आत रुतून बसे.

"आणि बोलायचा काय?" त्याने एकदा विचारलं.

"फारसं नाही. मी गिरणीतून आले की दिवसभराचं सगळं सांगायची. मुकादम काय म्हणाला, कुणाचं काय झालं. तो नुसतं म्हणायचा, 'मंग?' मी पुढचं सांगायची. परत म्हणायचा, 'मंग?'" केतकी हसली. "माझं संपेपर्यंत तो थांबायचा, हर्षल. खरंच संपेपर्यंत."

"म्हणजे तुला असं म्हणायचंय की," हर्षल बोलू लागला.

"बघ, मध्येच तोडलंस," ती म्हणाली. रागाने नव्हे, पण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हर्षल पूर्वानुभव कक्षाच्या प्रमुख डॉ. मेहजबीन मुजावर यांना भेटायला गेला. बाई मूळच्या सांगलीच्या, मेंदूविज्ञानात नाव कमावलेल्या. दिल्लीत मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं. त्यांनी कॉफी मागवली.

"मॅडम, हा हेमराज नावाचा माणूस खरा आहे का?" बसल्या बसल्या त्याने विचारलं.

"नाही हो. तसा कुणीच नाही." डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसावा. "आमच्याकडे मतदारसंघातल्या लाखो लोकांची माहिती असते. नावं काढून टाकलेली. कमाई, आजार, प्रवास, दवाखान्याच्या फेऱ्या. त्यावरून संगणक एक नमुन्याचं घर उभं करतो आणि नवा कायदा लावून ते वर्षभर पुढे नेतो. असं एकच घर नाही, हजारो घरं. त्यातलं सगळ्यांत सामान्य जे निघतं, ते आम्ही सदस्याला देतो."

"आणि एका तासात वर्ष?"

"स्वप्नात कसं होतं? पाच मिनिटं डोळा लागतो आणि आपण गावाला जाऊन येतो. आठवणी साठवणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याला आम्ही टोपातून ध्वनिलहरींनी अगदी हलके धक्के देतो. गुंगीच्या झोपेत. वर्षभरातले फक्त काही प्रसंग देतो. मधल्या जागा मेंदू स्वतः भरतो."

"चेहरा?"

"चेहरा आम्ही देतच नाही. आवाज, स्पर्श, माणसाच्या लकबी, हे सगळं सदस्याचं स्वतःचं. जवळच्या माणसांतून मेंदू उचलतो."

हर्षल खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे नवऱ्याचाही अंश असू शकतो?"

"असू शकतो," डॉ. मुजावर म्हणाल्या. मग खोटा धीर देणं स्वभावात नसावं अशा सुरात त्यांनी पुढचं सांगितलं. "मेंदू आणखी एक करतो. जे कुठेच मिळालेलं नसतं, तेही तिथे भरतो."

हर्षलने कॉफी अर्धीच ठेवली. निघताना त्याने दारात विचारलं, "हे किती दिवस टिकतं?"

"फार नाही. स्वप्नासारखंच विरतं, दोन-तीन आठवड्यांत. मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर सदस्यांचे संसार मोडायचे. दुसऱ्यांदा बसलं तर मात्र पक्कं होतं."

दुसऱ्यांदा बसायची केतकीची तयारी सुरूच होती. दुरुस्ती मान्य झाली तर काय होईल, हे पाहण्यासाठी सदस्यांना ऐच्छिक बैठक मिळत असे. तिने हर्षलला वेळ ठरवायला सांगितलं. "तेच घर, तेच वर्ष, फक्त अधिभार तसाच," ती म्हणाली. "तो जगतो का ते बघायचंय मला."

हर्षलने वेळ घेतली. बैठकीच्या आदल्या दिवशी त्याने कार्यालयातून फोन करून ती सोडून दिली. केतकीला सांगितलं की कक्षात गर्दी आहे, यंत्रांची देखभालही चालली आहे, आता जमेल असं दिसत नाही. बोलताना त्याचा आवाज जराही हलला नाही. तिने "अरेरे" म्हटलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. इतकी वर्षं त्याने सांगितलेल्या वेळा ती अशाच मान्य करत आली होती.

मग तो वाट पाहू लागला. घरातला पाहुणा केव्हा जातो याची वाट पाहावी तशी. हेमराज जाऊ लागला. आंबाडीची भाजी की पालकाची, हे केतकीला आठवेना. तलाव गावाच्या कुठल्या अंगाला होता तेही. ती अस्वस्थ होऊन कपाळ चोळायची आणि हर्षल वर्तमानपत्राआड तोंड लपवायचा.

दरम्यान पक्षाने आदेश काढला. विधेयकाच्या बाजूने आणि दुरुस्तीच्या विरोधात मत द्यायचं, आदेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व धोक्यात. पक्षाच्या प्रतोदांनी केतकीला बोलावून चर्चेत बोलायला सांगितलं. ग्रामीण भागातली महिला सदस्य आरोग्यपत्राच्या बाजूने उभी राहिली तर वजन पडतं, असं ते म्हणाले. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा हर्षल लगेच लिहायला बसला.

त्याने उत्तम भाषण लिहिलं. सरकारी केंद्र एकच असतं, आरोग्यपत्राने निवड रुग्णाच्या हाती येते. अधिभारामुळे गुंतवणूक आटते. तोट्यातली बस चालवण्यापेक्षा प्रवासभत्ता देणं स्वस्त. लिहिताना त्याला आठवलं की कॉलेजात असताना हीच मतं खोडून काढणारे दोन लेख त्याने स्वतः लिहिले होते. गावात गिऱ्हाईकच नसेल तर खाजगी केंद्र येणार कसं, हा त्याचा आवडता प्रश्न होता, मुलांना तो परीक्षेत घालायचा. तो प्रश्न त्याने बाजूला सारला. दुरुस्ती पडली की तो माणूस मेलेलाच राहील, हा विचार त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आला, आणि त्याला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

चर्चेच्या दिवशी सकाळी केतकी भाषण वाचत बसली असताना तिचा फोन वाजला. डॉ. मुजावर होत्या. पूर्वानुभवाबद्दल सदस्यांचे अभिप्राय नोंदवायचं त्यांचं काम चाललं होतं. केतकी दोन-चार वाक्यं बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून ती हर्षलसमोर येऊन उभी राहिली.

"त्या विचारत होत्या की दुसरी बैठक मी का सोडली. कक्षात गर्दी नव्हती म्हणे. देखभालही नव्हती."

हर्षलने हातातलं पेन खाली ठेवलं.

"का?"

"तुला ठाऊक आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझी वाक्यं नेहमी तू पुरी करतोस, एकदा तरी तुझं स्वतःचं पूर्ण कर."

"मला तो सहन होत नाही," हर्षल म्हणाला. "तो घरात असतो. तू त्याच्याकडे बघून हसतेस. मी इतकी वर्षं तुझ्यासाठी राबतोय केतकी, आणि एका तासात आलेल्या माणसाने... मला तो जायला हवा होता. बस."

"नसलेल्या माणसावर जळतोस तू?"

"हो."

ती खुर्चीत बसली. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही.

"त्याला पुन्हा बघावं असं मला वाटत होतं, ते खोटं नाही," ती म्हणाली. "पण मला मत द्यायचंय रे आज. तो तर गेलाच. मला आता नाव तेवढं आठवतं, आणि कुणाला तरी धरून बसले होते एवढं. का बसले होते, काय झालं होतं, सगळं पुसलंय. हे तुझं भाषण वाचते तर सगळं पटतं. पण मी त्या दिवशी उगीच रडले होते का?" तिने मान वर केली. "तू मला इतकं विचारलं होतंस. तुझ्या लक्षात असेल. सांग ना, तो कसा होता?"

न सांगणं सोपं होतं. "मलाही फार आठवत नाही," एवढं म्हटलं असतं की झालं असतं. केतकीची जागा राहिली असती, भाषण गाजलं असतं, आणि हेमराज या जगातून कायमचा गेला असता. हर्षलला आठवत होतं सगळं. तिला कधीच आठवलं नसतं इतकं बारीकसारीक. मत्सराने त्याने ते घोकून घोकून पाठ केलं होतं.

तो तिच्यासमोर बसला. ती आपल्याकडे बघत असताना दुसऱ्या माणसाबद्दल इतकं चांगलं बोलावं लागेल, असं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"तलावाचा कोपरा ठेक्याने घ्यायचा," तो म्हणाला. "पाण्यातून वर आला की आधी कान झटकायचा."

त्याने सगळं सांगितलं. पहाटेची बस सांगितली, खिडकीजवळची धरून ठेवलेली जागा सांगितली, आंबाडीचा पहिला घास सांगितला. आरोग्यपत्र देवापाशी ठेवलं होतं ते सांगितलं. ट्रकवाले सांगितले. "बरं वाटतंय" असं तो खोटं बोलायचा, तेही सांगितलं. 'मंग?' तर त्याने दोनदा म्हणून दाखवलं. केतकी एकदाही मध्ये बोलली नाही. सगळं संपल्यावर तिने भाषणाचे कागद गोळा करून त्याच्या हातात दिले आणि साडी बदलायला आत गेली.

त्या दुपारी हर्षल सज्ज्यात बसला होता. अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर केतकी रिकाम्या हातांनी उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, या विधेयकाने ज्याचा जीव जाणार होता, तो माणूस मी पाहिला. मला तो आता आठवत नाही. माझ्या नवऱ्याला आठवतो. त्यांनी मला तो आज सकाळी सांगितला. का सांगितला माहीत नाही, कारण त्यांना तो अजिबात आवडत नाही."

सभागृहात हशा पिकला. मग ती सांगत गेली तसा तो ओसरला. तिची वाक्यं मध्येच तुटत होती, एकदा क्रियापदही चुकलं. एक आकडा द्यायचा राहून गेला, तो हर्षलने नक्की घातला असता. त्याचे ओठ मात्र आज हलत नव्हते. पुढचं वाक्य त्याला ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "आरोग्यपत्र चांगलं आहे हो. पण ते वाचवत नाही. वाचवतं ते केंद्र, तिथली नर्स आणि तिथवर नेणारी बस. माझ्या तालुक्यात हे तिन्ही आज आहे. तुम्ही ते काढून मला कागद देताय." ती खाली बसली. सत्ताधारी बाकांवर कुणी बाक वाजवला नाही. मागच्या रांगेतल्या ओडिशाच्या एका सदस्याने मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली.

मतविभाजनात केतकीने दुरुस्तीच्या बाजूने बटण दाबलं. तिच्या पक्षातल्या आणखी काहींनीही दाबलं. दुरुस्ती पडली, पण इतक्या थोड्या मतांनी पडली की सरकार हादरलं. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की अधिभार आणखी तीन वर्षं चालू राहील, मग फेरविचार होईल. तीन वर्षं म्हणजे काही जिंकणं नव्हे. पण डायलिसिसवर असलेल्या माणसाला तीन वर्षं किती मोठी, हे हर्षलला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

केतकीला पक्षातून काढलं. पुढे सदस्यत्वही गेलं. दोघं सामान आवरून गोंदियाला परतली. हर्षलला जुन्या कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. पोटनिवडणूक लागली तेव्हा केतकी अपक्ष उभी राहिली. निवडून येण्याची खात्री कुणालाच नव्हती, तिला तर नव्हतीच. भाषणं आता ती स्वतः करत होती. कशीही करायची. हर्षल गाडी चालवायचा.

एका दुपारी ती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेली. रुग्णांशी बोलून झाल्यावर दोघं बाहेर टपरीवर चहा प्यायला थांबली.

"तो आठवतो का रे तुला अजून?" तिने एकाएकी विचारलं.

"रोज."

"कसा दिसतो?"

"ते तू कधी नीट सांगितलंच नाहीस. मीच एक चेहरा लावलाय त्याला."

"कसा?"

"चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला."

केतकी हसली. "आता तरी जळायचं सोड. मला तर काहीच आठवत नाही. तुझ्याच ओळखीचा माणूस वाटतो तो मला."

"म्हणून तर जास्त जळतो," हर्षल म्हणाला. "आता तो माझ्याच डोक्यात राहतो, आणि तिथूनही दिवसभर तुझ्याकडेच बघत असतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, आपल्या ग्लासात घातला आणि टपरीच्या फळीवर ठेवला. "चल," ती म्हणाली, "वेळ होतोय," आणि गाडीत मागे न बसता पुढे त्याच्या शेजारी येऊन बसली.